माझ्या संघाचं माहेर

"काकू, तुमची टीम कोणती?"

शनिवारी संध्याकाळी मैदानाच्या कडेला मी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवत होते, तेव्हा सहावीतल्या एका चिमुरडीनं विचारलं. तिच्या अंगात मुंबई सिटीचा आकाशी शर्ट होता, दोन मापं मोठा, बहुधा भावाचा. बाकीच्या पोरी लगेच आपापली नावं सांगू लागल्या. कुणाची बार्सिलोना, कुणाची रोनाल्डो ज्या संघात असेल ती. मग सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी आपली बाटलीचं झाकण घट्ट करत बसले.

काय सांगणार? ज्या संघाची मी, तो संघच आता नाही. 2010 साली बंद झाला. माहेरचं घर विकलं गेल्यावर "माहेर कुठलं?" असं कुणी विचारलं की बाई क्षणभर गप्प होते ना, तसं माझं झालं. गावाचं नाव सांगता येतं, पण तिथं जाऊन दार वाजवायला दार राहिलेलं नसतं.

मैत्रिणींनो, पेणसारख्या गावात, पापड आणि गणपतीच्या मुलखात, सेहेचाळीस वर्षांची एक बाई फुटबॉलच्या संघासाठी हळहळते म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. आमच्या सासूबाईंना पहिली दहा वर्षं आलंच. "अगं, मॅच म्हणजे क्रिकेटची गं. हे चेंडूच्या मागे बावीस जणांनी धावायचं कसलं खूळ?" तर हे खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं, ते आधी सांगते.

माझं माहेर तसं रोह्याचं, पण वाढले मी मुंबईत, कुर्ल्याच्या चाळीत. बाबा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. त्यांना ना विडी, ना तंबाखू. एकच नाद, कूपरेजचा. चर्चगेटपासून चालत जाता येईल असं ओव्हल मैदानाजवळचं ते छोटंसं फुटबॉलचं मैदान. शनिवारी अर्धा दिवस संपला की बाबा डबा पिशवीत टाकून थेट तिकडे. जाताना दादाला घेऊन जायचे. मला नाही. मुलींनी जायची ती जागाच नव्हती.

1990 साली दादाला गालगुंड झालं. त्याला ताप, गाल फुगलेला, आणि बाबांनी शब्द दिलेला. बाबांनी घरभर बघितलं आणि म्हणाले, "चल, तू चल." आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मुलीच्या जातीला कशाला तिथं?" पण तोवर मी चपला घातल्या होत्या. अकरा वर्षांची होते.

त्या दिवशीचं मला काय आठवतं? पाऊस नुकताच सरला होता. मैदानात चिखल. बाबांनी चण्याची पुडी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "ते जीपवाले आपले." महिंद्रा अँड महिंद्राचा संघ तो. जीप गाड्यांच्या कंपनीचा, म्हणून जीपवाले. समोर एका बँकेचा संघ होता. एका खेळाडूचा गुडघा फुटला, रक्त आलं, तो कडेला आला, त्यावर पाणी ओतलं आणि पुन्हा धावत आत गेला. चाळीत मी पडले की आई अर्धा तास हळद लावत बसायची. मला तो माणूस फार मोठा वाटला. त्या दिवसापासून जीपवाले माझे. संघ असा निवडला जातो, मैत्रिणींनो. पत्रिका जुळवून नाही.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, "ती शिट्टी मधेच का वाजवली? गोल तर झाला होता." बाबांनी ओट्यावरच्या वाट्या घेतल्या. डाळीची पळी म्हणजे गोल. ही तेलाची बुधली गोलरक्षक. या दोन वाट्या त्यांचे बचावपटू, हा पेला आपला माणूस. "आपल्याच माणसानं पुढे चेंडू ढकलला ना, त्या क्षणाला आपला हा पेला त्या सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलेला चालत नाही. त्याच्या आणि गोलच्या मधे समोरचे निदान दोघे हवेत. एक बहुधा गोलरक्षकच असतो. नाहीतर ऑफसाइड." आई वाटी मागत उभी होती आणि तिलाही ऑफसाइड कळलं. पुढे लग्न होऊन पेणला आले तेव्हा माझ्या नवऱ्याला हे मी त्याच पद्धतीनं समजावलं. त्याला अजून नीट कळलेलं नाही, ते सोडा.

पुढे दोनेक वर्षं मी चाळीच्या मागच्या अंगणात मुलांबरोबर खेळले. बरी खेळत होते हो. मग एके दिवशी आईनं हाक मारून वर बोलावलं आणि "आता पुरे" एवढंच म्हणाली. कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आपल्या पिढीतल्या कितीजणींची सायकल, पोहणं, लंगडी त्याच वयात, त्याच दोन शब्दांत थांबली असेल! मला खेळू दिलं नाही, पण बघायला कोण अडवणार? म्हणून मी बघणारी झाले. आयुष्यभराची.

त्या काळी मुंबईचा फुटबॉल म्हणजे कचेऱ्यांचा आणि कारखान्यांचा फुटबॉल. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, कस्टम्स, आपल्या अलिबागजवळ थळला ज्यांचा खताचा कारखाना आहे ते आरसीएफ, सगळ्यांचे संघ. चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळायची. सकाळी हजेरी, दुपारनंतर सराव. खेळ संपला तरी नोकरी राहायची, घर चालायचं. बाबा म्हणायचे, "गोल मारतो म्हणून नाही, पगार घरी नेतो म्हणून त्याची आई त्याला खेळू देते." त्याच कूपरेजवर रोव्हर्स कपही व्हायचा. 1891 साली सुरू झालेली ही देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. हैदराबादच्या पोलिसांच्या संघानं 1950 ते 1954 असा ओळीनं पाच वेळा तो कप नेला, हे बाबा रामायणातल्या गोष्टीसारखं सांगत. बाबांचा तेव्हा जेमतेम शाळेचा श्रीगणेशा झालेला, म्हणजे त्यांनीही ते ऐकलेलंच. पण सांगताना प्रत्यक्ष पाहिल्यासारखं सांगत.

जीपवाल्यांचा संघ 1962 सालचा. पुढे त्यांचं नाव महिंद्रा युनायटेड झालं. 1998 साली त्यांनी ड्युरँड कप जिंकला, 2001 साली पुन्हा. मी तेव्हा बी.ए. करून एका संस्थेत शिकवण्या घेत होते. दादाला कधीच फुटबॉलचा कंटाळा आला होता, त्यामुळे कूपरेजला आता बाबा आणि मीच जायचो. बायकांसाठी तिथं धड सोय नव्हती. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाणी प्यायचं नाही, हा माझा नियम. आपल्यापैकी कितीतरी जणी बाजाराच्या दिवशी अजून हाच नियम पाळतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

2003 साली माझं लग्न झालं आणि मी पेणला आले. बाबा निवृत्त होऊन रोह्याला, कुंडलिकेकाठच्या जुन्या घरात राहायला गेले. कूपरेज संपलं. उरलं ते वर्तमानपत्राचं खेळाचं पान. त्यात अख्खं पान क्रिकेट आणि खाली कोपऱ्यात फुटबॉलच्या चार ओळी. मी त्या कात्रीनं कापून दुधाच्या हिशेबाच्या वहीत चिकटवायची. सासूबाईंनी एकदा विचारलं, "हे काय, दूधवाल्याचा फोटो का?"

2006 चा उन्हाळा मात्र मी जन्मात विसरणार नाही. वाळवणाचे दिवस. गच्चीवर साड्या अंथरून त्यावर पापड घातलेले, कडेवर वर्षाची लेक, आणि खाली फोन वाजला. रोह्याहून बाबा. "जिंकलो गं!" एवढंच. राष्ट्रीय फुटबॉल लीग महिंद्रा युनायटेडनं जिंकली होती. कोलकात्याचे आणि गोव्याचे मातब्बर संघ मागे टाकून. त्याच मोसमात आधी फेडरेशन कपही घेतला होता. प्रशिक्षक डेरिक परेरा, ब्राझीलचा बरेटो, घानाचा याकुबू. मला त्या मंडळींची नावं नणंदेच्या सासरच्यांपेक्षा जास्त पाठ होती. मी गच्चीवर परत गेले तोवर कावळ्यानं चार पापड नेले होते. नेऊ देत म्हटलं, आज त्याचाही वाटा.

पुढच्या वर्षी, 2007 साली संघ आशियातल्या एएफसी कप स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. 2008 साली ड्युरँड कप तिसऱ्यांदा आणि कोलकात्याची आयएफए शिल्ड दुसऱ्यांदा. वही भरत आली होती.

आणि 2010 च्या सुरुवातीला पेपरात आलं की मोसम संपला की संघ बंद.

मी ते वाचलं आणि कुकर लावला. दुसरं काय करणार? घरात हे कुणाला सांगायचं आणि सांगून त्यांनी काय म्हणायचं? दोन दिवसांनी बाबा एसटीनं पेणला आले. हातात तोच पेपर, चौकोनी घडी घातलेला. मी चहा ठेवला. ते म्हणाले, "मोसम संपायच्या आत एकदा जाऊन येऊ." मी म्हटलं, "जाऊच." मग लेकीची शाळा, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बचत गटाच्या कर्जाची कागदपत्रं. गेलो नाही. राहूनच गेलं. शेवटच्या दिवसांत आजाऱ्याला भेटायचं राहून जावं, तशी ती रुखरुख अजून आहे.

कंपनीनं तेव्हा सांगितलं होतं की यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार. तेही काम चांगलंच की. पण आमच्यासारख्यांचं काय? मला राग आला होता, हे खरं. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ एका बैठकीत संपतो? विचारणार कुणाला, आपण तर भागधारकसुद्धा नाही!

नंतर शांतपणे वाचत गेले तेव्हा कळलं, की हे एकट्याचं दुखणं नव्हतं. पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी संघ, ज्यानं पहिलीवहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती, तो 2011 साली बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ 2013 साली आय-लीगमधून वगळले गेले, कारण आशियाई महासंघाच्या क्लब परवान्याच्या अटी त्यांना पुऱ्या करता आल्या नाहीत. पूर्वी कचेरीनं नोकरी दिली, बूट दिले, की संघ उभा राहायचा. आता पगारी खेळाडू, मुलांचे संघ, मैदान, स्वतंत्र हिशेब असं सगळं हवं. खर्च वाढला आणि बघायला येणारे थोडेच. गोव्याचे धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग हेही 2016 साली आय-लीगमधून बाहेर पडले. गोव्याची ही अवस्था, तर मुंबईचं काय घेऊन बसलात!

मुंबईत 2007 साली मुंबई एफसी नावाचा आणखी एक संघ निघाला होता. बरीच वर्षं त्याचा प्रशिक्षक होता खालिद जमील, आमच्या महिंद्राकडून खेळलेला. 2017 साली तो संघही आय-लीगमधून खाली घसरला आणि संपला. गंमत बघा, त्याच मोसमात हाच खालिद मिझोरामच्या ऐजॉल संघाला घेऊन आय-लीग जिंकून गेला. 2025 साली त्याला भारताच्या पुरुष संघाचा प्रशिक्षक नेमलं, तेव्हा मी रोह्याला फोन केला. बाबा म्हणाले, "आपल्या घरचा पोरगा तो." माहेरचं घर गेलं तरी माहेरची माणसं अशी इकडेतिकडे भेटतात.

2014 साली मुंबई सिटी आली. नवा संघ, मालकांत रणबीर कपूर, सामने सुरुवातीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची, ती लगेच त्यांची झाली. मी कुंपणावर. आणि बाबा? "तो संघ तुमचा. माझा नाही," असं म्हणून त्यांनी फुटबॉल बघणंच सोडलं. टीव्हीवर लागलं तरी उठून ओटीवर जायचे.

ते पुन्हा बघायला लागले ते नातीमुळे. 2017 साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. 25 ऑक्टोबरला स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना नेरूळला होता, दिवाळीची सुट्टी होती. लेकीनं आजोबांना सांगितलं, "तुम्ही आला नाहीत तर मी पण जाणार नाही." एकाहत्तर वर्षांचे बाबा आले. स्पेन 3-1 नं जिंकलं, पण बाबा पूर्ण वेळ मालीच्या पोरांसाठी टाळ्या वाजवत होते. परतताना पनवेलला गाडी बदलताना म्हणाले, "पोरं खेळतायत गं अजून." जणू मधल्या सात वर्षांत जगातला सगळा फुटबॉल बंद पडला होता असं त्यांना वाटत होतं.

मुंबई सिटीनं पुढे नाव काढलं, हे मान्य करायला हवं. 2021 साली आयएसएलचं विजेतेपद, 2022 साली इराकच्या संघाला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब, 2024 साली कोलकात्यात मोहन बागानला 3-1 नं हरवून पुन्हा आयएसएल. लेक नाचत होती. मलाही आनंद झाला, पण शेजारच्या लग्नात होतो तसा. आणि 2025 च्या जुलैत त्या आयएसएलचाच पुढचा मोसम करारावरून लांबणीवर पडला. महिनोन्‌महिने खेळाडू नुसते वाट पाहत बसले. तेव्हा लेकीचा चेहरा बघून मला 2010 ची मी आठवले. मोठ्यांच्या पैशांवर उभं राहिलेलं घर कितीही देखणं असलं, तरी किल्ली आपल्याकडे नसते.

मग किल्ली कुणाकडे असते?

एकदा बचत गटांच्या प्रशिक्षणाला कोल्हापूरला गेले होते. तिथं पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली घरं दोन तटांत विभागतात. तिथं संघ कंपनीचा नाही, गल्लीचा. गल्ली बंद कशी करणार? मग लक्षात आलं, की आपल्या रायगडातल्या कबड्डीचं असंच आहे की! गावाच्या देवाच्या नावानं संघ, घराघरांतून वर्गणी, रात्री दिव्याखाली सामने. रोह्याला धावीर महाराजांच्या पालखीला जसा प्रत्येकाला आपला वाटा वाटतो, तसा त्या संघातही वाटतो. कितीतरी कंपन्या आल्या नि गेल्या, गावचा कबड्डीचा संघ आहेच.

आता आमच्या पोरींकडे वळते. 2022 साली सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला. आपल्या मुली भुवनेश्वरला तिन्ही सामने हरल्या. अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0, ब्राझीलकडून 5-0. पण अंतिम सामना होता नेरूळला, 30 ऑक्टोबर, रविवारी. मी आमच्या गटातल्या बायकांना म्हटलं, "पोरींना नेऊ या." पापड लाटणाऱ्या, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बायका या. "रात्री परत यायला किती वाजतील?" हा पहिला प्रश्न. "मुलींना मुलींचा खेळ बघायला कशाला न्यायचं?" हा दुसरा. शेवटी भाड्याची मिनीबस केली, अकरा मुली आणि चार आया.

स्पेन आणि कोलंबिया. ऐंशी मिनिटं गोल नाही. ब्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू कोलंबियाच्याच एका मुलीला लागून तिच्याच गोलमध्ये गेला. स्पेन 1-0 नं जिंकलं. माझ्या शेजारी बसलेली एक आई, जिला चार तासांपूर्वी फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, ती एकदम म्हणाली, "अगं बाई, तिला कुणीतरी जवळ घ्या गं!" मिनीबसमध्ये रात्री कुणीच झोपलं नाही. मी पोरींना मणिपूरच्या बेंबेम देवीची गोष्ट सांगितली, की लहानपणी मुलाचं नाव सांगून ती मुलांत खेळायची आणि 2020 साली तिला पद्मश्री मिळाली. पेण जवळ आलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, आपण खेळू या?"

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही खेळतो. प्रत्येक आई महिन्याला वीस रुपये देते. त्यातून चेंडू, पंप, लिंबू-साखर. एक निवृत्त शिक्षक शिकवायला येतात, पैसे घेत नाहीत, चहा घेतात. गणपतीच्या दिवसांआधी पोरी आयांबरोबर कारखान्यात असतात, तेव्हा सरावाला हाताला सोनेरी रंग लागलेला घेऊनच येतात. भांडणं झाली. हाफ पँटवरून झाली. "काळी पडेल, मग लग्न कोण करणार?" हे मी निदान पाच घरांत ऐकलं. एका मुलीला तेराव्या वर्षी तिच्या आईनं थांबवलं. "आता पुरे." तेच दोन शब्द! मी त्या आईच्या पाटावर तिच्याबरोबर दोन तास पापड लाटत बसले. फुटबॉलबद्दल काही बोलले नाही. निघताना एवढंच म्हटलं, "मलाही असंच थांबवलं होतं. तीसहून जास्त वर्षं झाली, अजून आठवतं." पुढच्या शनिवारी पोरगी आली. उशिरा, पण आली.

आणि या दिवाळीआधी एक नवाच पेच पडला. गावातल्या एका व्यापाऱ्यानं निरोप पाठवला. पोरींना कपडे देतो, बूट देतो, वर्षभराचा खर्च करतो. फक्त संघाला आमच्या दुकानाचं नाव द्या आणि वीस रुपयांची ती वर्गणी बंद करा, बरं दिसत नाही. बायकांच्या बैठकीत दोन तट पडले. "अनवाणी खेळतात पोरी, काटे भरतात. मानापमान कसला बघायचा?" असं एकजण म्हणाली आणि ते खोटं नव्हतं. मी मात्र ताडकन नको म्हणून मोकळी झाले. 2010 डोक्यात होतं ना! उद्या यांनी हात काढला तर? बैठक मोडली. दोघीजणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

रविवारी सकाळच्या गाडीनं रोह्याला गेले. कासू, नागोठणे, रोहा. बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे. डोळ्यांनी कमी दिसतं. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते माझीच बाजू घेतील. ते म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं, आपल्याला फसवलं?"

"नाहीतर काय, बाबा?"

"अगं, मी कधी एक पैसा दिला होता का त्या संघाला? तिकिटाचे चार आणे-आठ आणे. त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षं संघ चालवला. कितीक पोरांच्या चुली पेटल्या त्यावर. मला शनिवार दिले. वाईट वाटलं, वाटणारच. पण चूक त्यांची एकट्याची नव्हती. संघ आपला म्हणायचो, आणि खर्च त्यांचा म्हणायचो. बूट घे. पोरींच्या पायांत काटे नकोत. पण वर्गणी थांबवू नकोस."

मी गप्प बसले. पंधरा वर्षं जो राग मी पोसला, त्याचा हिशेब त्यांनी कधीच मिटवून टाकला होता आणि मला कळलंही नव्हतं.

पेणला येऊन त्या दोघींच्या दारात आधी गेले, चुकले म्हटलं. मग सगळ्याजणी मिळून त्या व्यापाऱ्याकडे गेलो. कपडे, बूट आनंदानं घेऊ, तुमचं नाव शर्टाच्या पाठीवर छापू. पण संघाचं नाव आमचं आम्ही ठेवू आणि वीस रुपये चालूच राहतील. ते थोडा वेळ गल्ल्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "वीस रुपयांत काय होतं हो ताई?" आमच्यातली सर्वांत गप्प बाई पुढे झाली आणि म्हणाली, "भाऊ, वीस रुपयांत पोरगी माझी राहते." त्यांनी बूट दिले. शर्ट अजून दिलेले नाहीत. बघू.

मैत्रिणींनो, एवढं सगळं त्या सहावीतल्या पोरीला कसं सांगणार? तिला मी म्हटलं, "माझी टीम जुनी आहे. तुला पुढच्या शनिवारी दाखवते." घरी येऊन माळ्यावरून दुधाच्या हिशेबाची ती वही काढली. चिकटवलेली कात्रणं पिवळी पडलीत. 2010 च्या त्या बातमीनंतर सात-आठ पानं कोरी होती. आता त्या पानांवर पोरींची नावं आहेत आणि कुणाचे वीस रुपये आले, कुणाचे राहिले, त्याचा हिशेब.

परवाच्या शनिवारी दादा बाबांना घेऊन आला. मैदानाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून दिली. दिसत फारसं नाही, म्हणून शेजारी माझी लेक बसून सांगत होती, चेंडू कुठे आहे, कोण धावतंय. मधेच शिक्षकांनी शिट्टी वाजवली. बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि ओरडले, "कसली ऑफसाइड? मधे दोघी होत्या!"

त्यांना दिसलं कसं, देव जाणे. पण मधे खरंच दोघी होत्या.